पानाचं तेल, पोलादाचं गाव

भिलाईत लवंगेची बाग नाही आणि होण्याची शक्यताही नाही. लवंगेला बारमाही दमट हवा लागते, समुद्राची सोबत किंवा डोंगरउतारावरचा पाऊस लागतो. दुर्ग जिल्ह्यातला मे महिना तिला एका हंगामात संपवेल. तरीही लवंगेच्या पानांच्या तेलावर लिहायचं ठरलं तेव्हा मी तिकीट काढलं ते भिलाईचंच. एक कारण घरगुती होतं. माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांची सगळी नोकरी भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात गेली. दुसरं कारण या तेलाच्या स्वभावात आहे. फुलांचं अत्तर बागेत समजतं. लवंगेच्या पानाचं तेल समजून घ्यायचं तर उप-उत्पादनांवर जगणाऱ्या माणसांकडे जावं, कारण हे तेल मुळात मळ्यातला केरकचरा गोळा करून निघतं.

गोंदिया सुटलं की गाडी सालेकसा-दरेकसाच्या जंगलात शिरते, बोगदा येतो आणि पलीकडे छत्तीसगड. श्रावण संपत आला होता. डोंगरगडची बम्लेश्वरीची टेकडी ढगात होती, राजनांदगावनंतर दोन्हीकडे धानाची खाचरं. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला तेव्हा हे गाव ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर आपल्याकडे आलं आणि भिलाई तिकडे राहिलं. पण नोकरीसाठी निघालेली विदर्भातली माणसं तोवर वाटेला लागली होती. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दादांचे वडील त्या पहिल्या भरतीतले.

दुर्ग, भिलाई नगर, मग भिलाई पॉवर हाऊस. स्टेशनं इतकी जवळजवळ की नवख्यानं आधीच उतरावं. चिमण्या मात्र लांबूनच दिसतात.

पोळा तोंडावर आला होता, म्हणून वहिनींनी पहिल्याच दिवशी सुपेल्याच्या बाजारात नेलं. छत्तीसगडात पोळा आपल्याइतकाच थाटात होतो. रस्त्याच्या कडेला मातीचे नांदिया बैल, चाकं लावलेले, रांगेनं मांडले होते आणि त्यांच्या शेजारी मुलींसाठी मातीची जाती आणि चुली. मसाल्याच्या दुकानात मी लवंगा मागितल्या आणि त्याच दुकानात काचेची एक इवलीशी बाटलीही घेतली. वर एवढंच छापलेलं: लौंग तेल. कळीचं, देठाचं की पानाचं, काही नाही. दुकानदाराला विचारलं तर त्यानं आधी माझ्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाला, "लौंग का है, और किसका होगा?"

लवंगा घरी येताच वहिनींनी त्यांची परीक्षा घेतली. पेलाभर पाण्यात मूठभर टाकल्या. बऱ्याचशा तळाला गेल्या, काही मात्र वरच आडव्या तरंगत राहिल्या. तरंगणाऱ्यांतलं तेल आधीच काढून घेतलेलं असतं. अर्क काढलेली लवंग वाळवून पुन्हा पोत्यात मिसळायची, हा व्यापारातला जुना उद्योग आहे. "बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आपण पैसे देतो लवंगेचे आणि घरी आणतो काड्या."

बाटलीचा प्रश्न तेवढा सरळ नव्हता. लवंगेच्या झाडापासून तीन तेलं निघतात. न उमललेली कळी वाळवली की ती आपली मसाल्याची लवंग. तिच्यात वजनाच्या पंधरा-वीस टक्के तेल असतं, वनस्पतींच्या दुनियेत ही भलतीच श्रीमंती झाली. कळ्या खुडल्यावर मागे राहणाऱ्या देठांत पाच-सहा टक्के. आणि पानांत दोन-तीन टक्के. तिन्हींचा मुख्य घटक एकच, युजेनॉल. फरक उरलेल्या भागात आहे. कळीच्या तेलात युजेनॉल अॅसिटेट दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत असतं, आणि त्यानं वासाला गोलाई आणि फळांसारखा गोडवा येतो. पानाच्या तेलात तो जवळजवळ नसतोच. तिथे युजेनॉलच्या जोडीला असतं कॅरियोफायलीन, म्हणजे काळ्या मिरीत सापडणारा तोच कोरडा, लाकडी वास. इंडोनेशियानं २००६ साली पानाच्या तेलाचं राष्ट्रीय मानक ठरवलं, त्यात युजेनॉल किमान ७८ टक्के आणि कॅरियोफायलीन फार तर १७ टक्के अशी अट आहे.

किंमत अर्थातच कळीच्या तेलाला जास्त. म्हणूनच लेबलावर नुसतं 'लवंग तेल' छापलं की विकणाऱ्याची सोय होते. दात दुखणाऱ्या माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही, कारण बधिरपणा आणणारं युजेनॉल पानातही भरपूर आहे. दंतवैद्य तात्पुरत्या भरणासाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल खलून जो लगदा वापरतात, त्याला ते युजेनॉल झाडाच्या कुठल्या भागातून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. दवाखान्याचा जो ओळखीचा वास, तो बराचसा याच लगद्याचा. मात्र निव्वळ तेल हिरडीला लागलं तर भाजतं. कापसाचा बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवायचा, हिरडीवर नाही, हे आजीच्या काळापासूनचं शहाणपण रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

लवंग ही जांभळाची सख्खी बहीण, दोघी सिझिजियम या एकाच वंशातल्या. पान उजेडासमोर धरलं तर दोघींच्याही पानात तेलाचे बारीक ठिपके दिसतात. लवंगेचं मूळ घर मोलुक्का बेटं. टर्नाटे, टिडोरे आणि आसपासची मोजकी बेटं सोडली तर जगात ती कुठेच नव्हती. डच कंपनीनं लागवड आंबोनपुरती आवळून ठेवली आणि बाकी बेटांवरची झाडं तोडायला लावली. अठराव्या शतकात प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसानं रोपं पळवून मॉरिशसला आणली आणि ही मक्तेदारी फुटली. तिथून लवंग रीयुनियन, मादागास्कर, झांझिबार अशी पसरली. भारतात ती १८०० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनं तमिळनाडूतल्या कुर्तालमला आणली. आजही आपल्याकडची बहुतेक लवंग कन्याकुमारी, तेनकासी, निलगिरी आणि केरळ याच पट्ट्यात पिकते. कोकणात ती आहे, पण नारळाच्या आश्रयानं. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं 'लाखी बाग' ही कल्पना मांडली. नारळाच्या मोकळ्या जागेत मिरी, दालचिनी, जायफळ आणि लवंग लावायची. जायफळ आणि दालचिनी तिथे रुळली. लवंग तशी नखरेल.

पानाच्या तेलाची खरी राजधानी जावा आणि सुलावेसी. इंडोनेशियात लवंगेची झाडं अमाप असण्याचं कारण मसाला नाहीच, सिगारेट आहे. तंबाखूत लवंगेचा चुरा घातलेली क्रेटेक सिगारेट जावातल्या कुदुस गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मली आणि आज त्या देशातल्या लवंगेचा फार मोठा वाटा ती फुंकून टाकते. कळ्या सिगारेटीला गेल्या, मग खाली उरलं काय? झाडाखाली पडणारी पानं. लवंग सदाहरित आहे, पण पानगळ वर्षभर थोडीथोडी चालूच असते. कोरड्या हंगामात गावातल्या बायका ही वाळलेली पानं झाडून गोळा करतात, पोत्यांत दाबून भरतात आणि भट्टीवाल्याला वजनावर विकतात. झाडावर चढणं नाही, फांदी वाकवणं नाही. लवंग खुडायला उंच शिड्या आणि सरावलेली माणसं लागतात. इथे एक खराटा पुरतो.

भट्टी म्हणजे माणसाहून उंच लोखंडी पिंप. तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर पानं ठासून भरलेली. झाकण घट्ट बसवायचं आणि खाली जाळ करायचा. वाफ पानांतून वर चढते, तेल सोबत घेते आणि लांब नळीतून थंड पाण्याच्या हौदात फिरून पुन्हा द्रवरूप होते. कन्नौजच्या अत्तरवाल्यांच्या डेग-भपक्याचीच ही मोठी, धसमुसळी आवृत्ती. एक घाणा सहा-आठ तास चालतो. शंभर किलो पानांतून दोन-तीन किलो तेल. एक गंमत इथे आहे. गुलाब, पामारोझा, बहुतेक परिचित तेलं घ्या, ती पाण्यावर तरंगतात आणि वरून काढून घेतात. लवंगेच्या पानाचं तेल पाण्याहून जड, त्याची घनता १.०४ च्या आसपास, म्हणून ते तळाला बसतं आणि काढायची तोटी खालून ठेवावी लागते. आणि इंधन? घाणा उतरल्यावर उरलेली पानं वाळवतात आणि पुढच्या घाण्याखाली तीच जाळतात.

दादांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आमच्यासारखंच. आमची गॅस आमच्याच बॅटऱ्या तापवते."

रिसालीतल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात मग आमचा वर्ग भरला. कोक ओव्हनच्या रांगेला तिथे बॅटरी म्हणतात. या ओव्हनमध्ये कोळसा हवेशिवाय हजार अंशांच्या वर तापवतात, सोळा ते वीस तास. हवा नाही म्हणून तो जळत नाही, त्यातलं जे उडून जाण्यासारखं आहे ते उडून जातं आणि मागे कोक उरतो. पुशर गाडी तो लालभडक कोक ढकलून बाहेर काढते, क्वेंचिंग टॉवरखाली त्यावर पाणी पडतं आणि वाफेचा पांढरा लोळ उठतो, जो भिलाईकरांना गच्चीवरून दिसतो. लोकांना माहीत असतो तो हा कोक, कारण झोतभट्टीत लोखंड त्याच्यावर होतं. दादांचं काम दुसऱ्या टोकाला होतं, उडून गेलेलं पकडण्याचं. ती वायूची धार थंड केली की डांबर निघतं. पुढे अमोनियापासून खताचं अमोनियम सल्फेट, मग बेंझॉल, नॅप्थलीन. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच घराण्यातल्या. "लोहा तो सब देखते हैं," दादा हिंदीत शिरले, भिलाईकर रंगात आला की शिरतोच, "पण पैसा आमच्या घाणीतून पण निघायचा."

मी मुंबईहून आणलेली पानाच्या तेलाची बाटली काढली. इंडोनेशियातलं, साफ केलेलं, फिकट पिवळं. सुगंधाच्या धंद्यात वापरतात तशी शोषक कागदाची लांबट पट्टी त्यात बुडवून दादांच्या हातात दिली. त्यांनी हुंगलं, पट्टी लांब धरली, पुन्हा हुंगलं. पहिला वास लवंगेचाच, पण त्यात कळीची ती मऊ गोडी नाही. तिखट, कोरडा, किंचित करपलेला. आणि त्याच्या मागून एक औषधी, धुरकट छटा. दादा म्हणाले, "लवंग ठीक आहे. पण खाली हा जो आहे ना, हा आमच्याकडचा आहे. टारकडचा."

दादांच्या नाकाला रसायनशास्त्राची साथ आहे. युजेनॉल हा फिनॉलच्या घराण्यातला रेणू. डांबरात सापडणारं फिनॉल त्याचा सांगाडा. त्याला एक मेथॉक्सी गट जोडला की ग्वायाकोल होतं, ज्याला लाकडाच्या धुराचा वास येतो. ग्वायाकोलला तीन कार्बनांची शेपटी लावली की युजेनॉल. झाड हे सगळं एका साध्या अमिनो आम्लापासून थंडपणे सावलीत घडवतं, तर कोळशातून फिनॉल काढायला हजार अंश लागतात. जुन्या लाल लाइफबॉयचा जो वास आपल्या पिढीच्या न्हाणीघरांत होता, तो याच कुळातल्या कार्बोलिक द्रव्यांचा. २००२ साली कंपनीनं भारतात साबण नव्या रूपात आणला आणि तो वास गेला. दादांना त्याचं अजून वाईट वाटतं. माझ्यापुरतं विचाराल तर बरं झालं.

फिनॉलवर्गाची आणखी एक खोड आहे: लोखंड लागलं की रंग बदलायचा. प्रयोगशाळेत फिनॉल ओळखायला फेरिक क्लोराइडचा थेंब टाकतात तो याचसाठी. जावातल्या साध्या लोखंडी पिंपांतून निघणारं कच्चं तेल म्हणूनच गडद तपकिरी, कधी जांभळट काळं असतं. पुढे सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लाशी ते ढवळतात, आम्ल लोखंड धरून ठेवतं आणि तेल उजळतं. नाहीतर सरळ निर्वात ऊर्ध्वपातन करतात. दादांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी हत्यारांच्या डब्यातून एक गंजका स्क्रू काढला, चमचाभर तेलात टाकला आणि चमचा खिडकीत ठेवून दिला. दुसऱ्या सकाळी स्क्रूभोवतीचं तेल मळकट तपकिरी झालं होतं. वहिनींनी चमचा कायमचा बाद केला.

तेव्हा चांगल्या तेलासाठी भट्टी स्टेनलेस स्टीलची हवी. भिलाईचा कारखाना ज्या 'सेल' कंपनीचा, तिचं स्टेनलेस होतं तमिळनाडूतल्या सेलमला. भिलाईचे रूळ देशभर पसरले, भिलाईच्या प्लेटा सेलच्या इतर कारखान्यांच्या मालाबरोबर विक्रांत युद्धनौकेत गेल्या, पण लवंगेच्या पानापुढे भिलाईचं पोलाद कामाचं नाही. दादा यावर काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला.

आता हे तेल जातं कुठे? फार थोडं तसंच बाटलीत भरून विकलं जातं. बहुतेक पिंपं कारखान्यात जातात आणि तिथे त्याची फोड होते. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळलं की युजेनॉल क्षार होऊन पाण्यात उतरतं आणि कॅरियोफायलीन वर तरंगत राहतं. थर वेगळे करायचे, खालच्यात आम्ल ओतायचं, युजेनॉल पुन्हा मोकळं. कॅरियोफायलीनही वाया जात नाही, त्यापासून लाकडी वासाची द्रव्यं करतात. युजेनॉल अल्कलीबरोबर तापवलं की शेपटीतला दुहेरी बंध एक घर सरकतो आणि आयसोयुजेनॉल होतं. वास तेवढ्यानं बदलतो: लवंगेचा तिखटपणा मागे पडतो, फुलाचा मऊपणा पुढे येतो. आयसोयुजेनॉल ऑक्सिडाइझ केलं की मिळतं व्हॅनिलिन, आइसक्रीमचा तो जगप्रसिद्ध वास.

व्हॅनिलिनची हकिकत इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात पान आणि कोळसा समोरासमोर येतात. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी पाइन झाडाच्या रसातून ते पहिल्यांदा घडवलं. थोड्याच वर्षांत लवंगेचं तेल हाच त्याचा मुख्य कच्चा माल झाला. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनं डांबराची रसायनं सुगंधात घुसत होती. विल्यम पर्किननं १८६८ साली कोळशाच्या वंशातल्या द्रव्यापासून कूमारिन बनवलं, १८८२ च्या 'फुजेर रॉयाल' अत्तरात ते आलं आणि १८८९ मध्ये गेर्लांच्या 'जिकी'त कूमारिन आणि व्हॅनिलिन दोन्ही एकत्र नांदले. झाड आणि कोळसा असा हा संसार पॅरिसमधल्या एका बाटलीत सुरू झाला. पुढे कागद गिरण्यांच्या काळ्या सांडपाण्यातून व्हॅनिलिन निघू लागलं, लवंग मागे पडली. आज जगातलं बहुतेक व्हॅनिलिन ग्वायाकोलपासून होतं, आणि ग्वायाकोलचं मूळ फिनॉल आता कोळशाऐवजी बहुतांशी पेट्रोलियममधून येतं. या शर्यतीत एक मराठी नावही आहे. शाई आणि रंगांच्या कॅम्लिनच्या दांडेकर घराण्यातून निघालेली कॅम्लिन फाइन सायन्सेस गुजरातेत दहेजला व्हॅनिलिन बनवते. पण खाद्यकंपन्यांना वेष्टनावर 'नैसर्गिक' हा शब्द छापायचा असतो, त्यामुळे युजेनॉल जिवाणूंना खाऊ घालून त्यांच्याकडून व्हॅनिलिन करून घेण्याची पद्धत आली आणि झाडून गोळा केलेल्या पानाला पुन्हा भाव आला.

आपल्याकडे सुगंधाच्या धंद्यात मुलुंडच्या एस. एच. केळकर कंपनीचं नाव निघतंच. १९२२ पासूनची ही कंपनी. त्याच परिसरात केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. असल्या वर्गात युजेनॉलची ओळख साधारणपणे दोन फुलांच्या निमित्तानं होते: गुलाब आणि कार्नेशन. गुलाबात ते चिमूटभर, पण काढून टाकलं तर गुलाब सपाट होतो. कार्नेशन मात्र त्याच्यावरच उभा. खऱ्या कार्नेशनच्या फुलातून तेल काढणं परवडत नाही, म्हणून सुगंधकार युजेनॉल, आयसोयुजेनॉल, गुलाबगंधी फिनाइल एथिल अल्कोहोल, थोडं व्हॅनिलिन असं जुळवून ते फूल उभं करतात. कॅरोनचं 'बेलोजिया' (१९२७) आणि नीना रिचीचं 'लेर द्यू तां' (१९४८) ही अशा कार्नेशनची गाजलेली उदाहरणं. मला स्वतःला या जुन्या अत्तरांत पावडरीच्या डब्याची ऊब जास्त जाणवते, फूल कमी.

साबण आणि अगरबत्तीत पानाचं तेल त्याच्या खडबडीतपणासकट खपतं. उलट अगरबत्तीच्या मसाल्यात तो खडबडीतपणा हवाच असतो, नुसता गोड वास धुरात टिकत नाही. साबणात एक अडचण आहे, अल्कलीत युजेनॉल पिवळं-तपकिरी पडतं, म्हणून पांढऱ्याशुभ्र वडीत ते जपूनच घालतात. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वेगळीच कात्री लागली आहे. युजेनॉल आणि त्याहून जास्त आयसोयुजेनॉल काही जणांच्या त्वचेला अॅलर्जी देतं. युरोपीय संघानं २००३ च्या निर्देशात ठरावीक प्रमाणापुढे त्यांची नावं वेष्टनावर छापणं सक्तीचं केलं, आणि सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आयसोयुजेनॉलची मर्यादा इतकी खाली आणली की ती जुनी कार्नेशन अत्तरं मूळ सूत्रानं आता बनवताच येत नाहीत.

भारतानं मधल्या काळात लवंगेला वळसा घालायचाही प्रयत्न केला. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं रामतुळशीतून निवड करून 'क्लोसिमम' नावाचा वाण तयार केला, ज्याचं तेल युजेनॉलनं भरलेलं. तुळशीच्या कुळात युजेनॉल मुळातच आहे. वहिनींच्या अंगणातल्या वृंदावनातलं पान चुरगाळून मी दादांना हुंगायला दिलं. त्यांनी मान डोलावली, पण "टार नाही," असा शेरा मारला.

युजेनॉलचा आणखी एक वंशज आहे, आणि तो मला बाटलीत नाही, झाडावर टांगलेला भेटला. दुर्गच्या बाहेर शिवनाथ नदीकडे दादांच्या एका जुन्या सहकाऱ्याची पेरूची बाग आहे. निवृत्तीचे पैसे त्यांनी तिथे घातले. पावसाळी बहार झाडावर होता आणि सगळीकडे एक आंबूस वास. फळ वरून हिरवंगार, चिरलं की आत अळ्या वळवळताना. ही फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते आणि बाहेरून छिद्र जेमतेम दिसतं. फांदीला एक प्लास्टिकचा पारदर्शक डबा लटकत होता, बाजूला भोकं, आत प्लायवूडचा चौकोनी ठोकळा. तळाशी मेलेल्या माश्यांचा बोटभर थर, तपकिरी अंग, काचेसारखे पंख. मी ठोकळा नाकाजवळ नेला. लवंग, पण फिकी, गोडसर, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

हे मेथिल युजेनॉल. युजेनॉलच्या फिनॉल गटाला एक मेथिल चिकटवलं की तयार. त्याच्या वासानं फळमाशीचे नर वेडे होतात. हा शोध भारतातच लागला. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. शेजाऱ्यानं डास पळवायला सिट्रोनेला तेल वापरलं आणि डासांऐवजी फळमाश्याच जमा झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. १९१२ मध्ये त्यांनी ते निरीक्षण छापलं आणि पुढच्या तीन वर्षांत आकर्षणाचं खरं कारण मेथिल युजेनॉल असल्याचं दाखवून दिलं. नर ते नुसतं हुंगत नाहीत, चाटून खातात. शरीरात त्याचं रूपांतर होतं आणि माद्यांना ओढणारा त्यांचा स्वतःचा वास त्यातूनच बनतो. म्हणजे माशीलासुद्धा अत्तराचा कच्चा माल बाहेरून आणावा लागतो.

कोकणात याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळे, आणि २०१५ च्या जानेवारीत उठवली ती निर्यातीपूर्वीची तपासणी आणि प्रक्रिया कडक झाल्यावर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' हापूसच्या बागांत लटकतो, त्याच्यातही हेच द्रव्य. मेथिल युजेनॉलवर आता कर्करोगाचा संशय आहे, त्यामुळे खाण्याच्या पदार्थांत ते वेगळं घालायला युरोप-अमेरिकेत मनाई झाली. सापळ्यातल्या ठोकळ्याला ती अडचण नाही.

बागवाले काका मात्र सापळ्यावर नाराज होते. त्यांना वाटत होतं, इतक्या माश्या मरतात म्हणजे अळी थांबायला हवी. दादांनी मधेच तोंड घातलं: "अरे, ये तो सिर्फ नर पकडता है. बाजूवाल्याचे नर येऊन तुझ्या मादीला भेटतातच ना?" नेमकं तेच होतं. एका बागेत चार डबे टांगून भागत नाही, सगळ्या शिवारात एकाच वेळी लावावे लागतात, ठोकळे वेळेवर बदलावे लागतात आणि खाली पडलेली सडकी फळं उचलून खोल पुरावी लागतात. काकांनी शेजारच्या दोन बागांकडे हात केला. एकाचा मालक रायपूरला राहतो, दुसऱ्यानं बाग ठेक्यानं दिलेली आणि ठेकेदाराला फक्त या बहाराशी मतलब. मग त्यांनी मोबाइल काढला आणि मला विचारलं, मुंबईत हे ठोकळे घाऊक मिळतात का, पन्नास घेतले तर काय भावानं पडतील, आणि सोबत त्या दोघांसाठीही मागवले तर ते नंतर पैसे देतील यावर दादांचं मत काय. दादांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, ठेकेदाराकडून आगाऊ घे.